टेकडी वाचवायची असेल तर आधी सातबारा काढा

सर, तुमचं लांबलचक पत्र वाचलं. प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या काटोल रोडवरून आत तुमचं गाव, गावालगत मुरमाड टेकडी आणि तिच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेचा पाझर तलाव. टेकडीवर मोर आहेत, ससे आहेत, कधीमधी बिबटाचे पगमार्क दिसतात. एका कापलेल्या कडेला दगडात शंखासारखे आकार सापडतात, पोरं ते खिशात घालून शाळेत आणतात. आता तिथे मुरमासाठी ट्रॅक्टर लागले आहेत आणि तलावाच्या सौंदर्यीकरणाची चर्चा आहे. वनखातं म्हणतं जागा आमची नाही, तहसील म्हणते पाहतो. तुमचा भाचा इंग्लंडात असतो, तिथे म्हणे कौन्सिलच अशी जागा राखीव जाहीर करते. मग आपली ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा महापालिका तसं करू शकते का?

जाहीर करू शकत नाही. राखू मात्र शकते, आणि पुष्कळदा वनखात्यापेक्षा जास्त. फक्त तो रस्ता वन्यजीव कायद्यातून जात नाही. तो तलाठ्याच्या दप्तरातून, विकास आराखड्यातून आणि कामाच्या अंदाजपत्रकातून जातो. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांसाठी नोंदवह्या करणं आणि आराखड्यांवर हरकती लिहिणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

भाचा बरोबर सांगतो. ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्यानं स्थानिक कौन्सिलांना आपल्या हद्दीत निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकार दिला. स्थानिक महत्त्वाच्या भूशास्त्रीय जागांच्या याद्याही तिथे असतात आणि बांधकामाची परवानगी देताना कौन्सिलला त्या पाहाव्या लागतात. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव असे प्रकार आहेत आणि त्यांची अधिसूचना वरूनच निघते. ग्रामपंचायतीला स्थान मिळतं ते नंतर. संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीवर हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. सामुदायिक राखीव क्षेत्रात किमान पाच प्रतिनिधी ग्रामपंचायत किंवा ग्रामसभा देते, पण ते क्षेत्र खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर आणि लोकांनी स्वतःहून पुढे केलं तरच होतं. एका टेकडीसाठी या वाटेनं जाऊ नका. मंत्रालयात फाईल फिरेपर्यंत टेकडी मुरमाच्या भावानं विकली गेलेली असेल.

तेव्हा पहिलं काम: टेकडीचा गट नंबर शोधा आणि सातबारा काढा. लोक आधी पक्ष्यांची यादी करतात, फोटो काढतात, पेपरात बातमी लावतात. जमीन कोणाची हे मात्र सगळ्यात शेवटी विचारतात. उत्तर कुठून मिळणार हे तर त्या एका कागदावर ठरतं.

सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' असं लिहिलेलं निघालं तर तुमचं अर्धं काम झालं. ही नोंद आपल्या पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांची खासियत, उरलेल्या महाराष्ट्राला ती समजावून सांगावी लागते. जमीन दप्तरी महसूलची, प्रत्यक्षात झुडपांची, आणि वन आहे की नाही यावर वर्षानुवर्षं वाद. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की या जमिनी वन संवर्धन कायद्याच्या दृष्टीनं वनच समजायच्या. विषय सुमारे ८६,४०९ हेक्टरांचा होता. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांसाठी न्यायालयानं वेगळी वाट दिली आहे, पण तुमच्या टेकडीवर आज मुरूम खोदणं त्यात बसत नाही. अशा वेळी 'जागा आमची नाही' हे वनखात्याचं उत्तरही अपुरं ठरतं. उपविभागीय अधिकारी आणि उपवनसंरक्षक या दोघांना एकाच अर्जाच्या प्रती द्या, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड होतं.

गायरान निघालं तर? २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि त्यावरून राज्यानं १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला. तो जोडा. सोबत निस्तार पत्रक मागा. जुन्या मध्य प्रांताचा वारसा म्हणून आपल्याकडे गावागावाची निस्तार पत्रकं आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या रूढी-हक्कांच्या नोंदी, आहेत. गुरं कुठे चरतील, सरपण कुठून येईल, मुरूम-माती घरगुती कामाला कुठून घ्यायची, हे त्यात लिहिलेलं असतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतं, पानं तुटकी असतात, लिपिक आधी नाही म्हणतो. चिकाटी ठेवा. टेकडी निस्ताराची असेल तर ती एखाद्या ठेकेदाराच्या धंद्यासाठी नाही, हे सांगायला तुमच्या हातात जुना आणि वजनदार कागद येतो.

जमीन खासगी असेल तर खरी अडचण. तरीही मुरमासारखं गौण खनिज काढायला परवानगी लागतेच. विनापरवाना उपसा सापडला तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन जप्त होतं. 'मुरूम चोरी होते' असा मोघम अर्ज करू नका. गट नंबर, तारीख, वेळ, खड्ड्याची अंदाजे लांबी-रुंदी-खोली आणि फोटो द्या. खोली लिहिली की तलाठ्याला पंचनाम्यात आकडा टाकावा लागतो, आणि एकदा आकडा कागदावर आला की वरच्या कार्यालयाला तो गिळता येत नाही.

आता जैवविविधता समितीकडे येतो. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेला ती सक्तीची केली आहे, आणि तिचं मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. तुमच्या ग्रामपंचायतीत समिती आहे का, असं विचारू नका. कागदावर आहे, हे मी न पाहता सांगतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती आणि नंतर राज्यांना दरमहा दहा लाखांचा भुर्दंड लावण्याचं बजावलं होतं. त्या धाकानं राज्यभर समित्या धडाधड बनल्या आणि नोंदवह्या त्याहून धडाधड. संस्थांनी एका गावाची वही दुसऱ्या गावाला चिकटवल्याचे नमुने मी पाहिले आहेत. कळमेश्वरच्या कोरडवाहू गावाच्या वहीत भाताच्या वाणांची लांब यादी दिसली की समजायचं, ही वही वैनगंगेकाठून आली.

म्हणून आधी सचिवाकडून, म्हणजे तुमच्या ग्रामसेवकाकडून, वही मागून घ्या आणि 'भूदृश्य' व 'जलदृश्य' ही पानं उघडा. तिथे तुमची टेकडी आणि तलाव गट नंबरसकट नसतील तर ती वही तुमच्या उपयोगाची नाही. पण ती बदलता येते. वही एकदा करून कपाटात ठेवायची नसते, भर घालत राहायची असते. समितीची बैठक लावा, किमान सात जणांची ती असते आणि तीत एक तृतीयांश महिला हव्यात. शक्यतो गुरं राखणारा एक म्हातारा माणूस बैठकीला बसवा. त्याला टेकडीची जेवढी माहिती आहे तेवढी कोणत्याही एम.एस्सी.वाल्याला नसते. मोर कुठल्या नाल्यात अंडी घालतो, सालईची झाडं कुठल्या उताराला उरलीत, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं, हे त्याच्याकडून लिहून घ्या. त्या नोंदींवर समितीचा ठराव करा आणि तोच ठराव १ मेच्या ग्रामसभेत मांडा. उद्या खाणपट्ट्याचं प्रकरण आलं आणि जनसुनावणी किंवा न्यायालयापर्यंत गेलं, तर आंदोलनाच्या फोटोपेक्षा आधीच्या तारखेची ही नोंद जास्त चालते. आधीची तारीख हा शब्द अधोरेखित करतो. वाद सुरू झाल्यावर केलेल्या नोंदीला समोरचा वकील पहिल्याच दिवशी 'हेतुपुरस्सर' म्हणतो.

आता तुमच्या शंखांबद्दल. हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा रेंगाळतो.

नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आहे. लाव्हा एका दमात आला नाही. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत गोगलगायी, शेवाळं, बारीक कवचधारी जीव वाढले, आणि पुढच्या लाव्हानं सगळं झाकून टाकलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या थराला भूशास्त्रज्ञ इंटरट्रॅपियन म्हणतात. वर-खाली काळा बेसाल्ट आणि मध्ये पांढुरका, राखाडी किंवा तपकिरी, गारगोटीसारखा कडक पट्टा. काही ठिकाणी तो हातभरही जाड नसतो. तुमच्या फोटोतला शंख टोक वर धरून पाहा. तोंड डाव्या हाताला उघडत असेल तर तो बहुधा फायसा जातीचा, गोड्या पाण्यातला. बहुतेक गोगलगायींचं तोंड उजवीकडे असतं, म्हणून ही खूण शाळेतल्या पोरांनाही जमते.

या थरांचा पहिला मोठा अभ्यास आपल्याच गावात झाला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. त्यानं आणि रॉबर्ट हंटरनं टाकळीच्या परिसरातून जीवाश्म गोळा केले आणि १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात नागपूरच्या भूशास्त्रावर निबंध छापला. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पाण्यात बुडून तो वारला. हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ज्या दगडांमुळे त्याचं नाव जगभर गेलं ते टाकळीचे थर आता शहराच्या पोटात आहेत. तिकडे कामठी-सिलेवाड्याच्या वालुकाश्मात ग्लोसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पानं सापडतात, मनसर-कांद्रीला मँगनीज, मधे नाइस नावाचा जुना खडक. एका जिल्ह्यात इतके वेगवेगळे पाषाण क्वचितच भेटतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरात, वनविभागाचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, जैवविविधता मंडळाचं आणि वनविकास महामंडळाचंही इथेच. इतकी मोठी दारं एका रिक्षाच्या भाड्यात असताना तुमच्या टेकडीची साधी नोंद कुठेच नसावी, याला काय म्हणायचं?

कायद्याचं म्हणाल तर भूवारशासाठी स्वतंत्र कायदा नाही. भूवारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला होता, तो मसुदाच राहिला. भूवैज्ञानिक सर्वेक्षण 'राष्ट्रीय भूवारसा स्थळ' म्हणून जागा जाहीर करतं, पण त्या पाटीमागे दंडाचा जोर नाही. आपल्या लोणारचंच पाहा. तिथलं विवर टिकून आहे ते अभयारण्याच्या अधिसूचनेमुळे आणि मंदिरं पुरातत्त्व खात्याकडे असल्यामुळे. २०२० मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीची भर पडली. दगडाला नेहमी दुसऱ्याच्याच छत्रीखाली उभं राहावं लागतं.

तुमच्यासाठी ती छत्री जैवविविधता कायद्यात आहे. कलम ३७ प्रमाणे राज्य शासन स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून 'जैवविविधता वारसा स्थळ' अधिसूचित करू शकतं. गडचिरोलीतलं आलापल्लीचं वनवैभव २०१४ मध्ये असंच झालं. या स्थळांसाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं जे निकष दिले आहेत, त्यांत जीवाश्मांच्या थरांतून दिसणारी भूतकाळातली जैवविविधता हाही एक निकष आहे. पुष्कळांच्या नजरेतून हा सुटतो, कारण सगळे वाघ आणि दुर्मीळ झाडं शोधत बसतात. जिवंत टेकडी आणि तिच्या पोटातला जीवाश्मांचा थर एकाच प्रस्तावात मांडता येतो, आणि प्रस्तावाची सुरुवात ग्रामपंचायतीच्या ठरावानं होते. शिवाय वारसा स्थळ झालं म्हणून लोकांची चराई किंवा सरपण बंद होत नाही, जेवढं बंधन लोक स्वतः ठरवतील तेवढंच येतं. ग्रामसभेत हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर 'अभयारण्य येतंय, जमिनी जाणार' अशी बोंब उठते आणि ठराव बारगळतो.

प्रस्तावाला भूशास्त्रज्ञाचा दाखला लागेल. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा सर्वेक्षणाला पत्र द्या. सोबत कापलेल्या कडेचा पूर्ण फोटो, शेजारी पेन ठेवून जवळचा फोटो, गट नंबर आणि मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश. थर फोडून नमुने पाठवू नका. पोरांनी आणलेले तुकडे पुरे आहेत, फक्त प्रत्येक तुकडा कुठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून ठेवायला लावा. जागेची नोंद नसलेला जीवाश्म म्हणजे शोकेसमधला दगड.

ठरावानंतरचा टप्पा नकाशाचा. तुमचं गाव महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणजे नियोजन प्राधिकरण एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). महानगर क्षेत्राचा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम २२ सांगतं की विकास आराखड्यात नैसर्गिक दृश्याचे भाग आणि ऐतिहासिक, नैसर्गिक, वैज्ञानिक महत्त्वाच्या जागा जपण्याच्या तरतुदी करता येतात. म्हणजे नियोजन प्राधिकरणाला तुमच्या टेकडीवर रंग भरायचा अधिकार आहे. नुसत्या भावनेच्या पत्रानं ते होत नाही. मंजूर आराखड्यात तुमचा गट कोणत्या झोनमध्ये आहे त्याचा दाखला आधी काढा. शेती झोन असेल तर बरं. रहिवासी किंवा औद्योगिक असेल तर कलम ३७ खाली फेरबदलाची मागणी करावी लागेल, आणि दुसऱ्या कोणी त्या गटाचा फेरबदल मागितला तर जाहीर नोटीस निघाल्यावर तुमच्याकडे महिनाभर असतो. या नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. शाळेत पेपर येतोच, एका शिक्षकाकडे ते पान वाचायचं काम द्या. वारसा यादीतही फक्त इमारतीच घ्याव्यात असं नाही, टेकड्या, जलाशय, देवरायाही घेता येतात. नागपूर शहराच्या वारसा यादीत तलाव आहेत.

तलावावरून तुमच्या सौंदर्यीकरणाकडे येतो. इथे एक गैरसमज आधी दूर करतो. तुम्ही लिहिलंय की तलाव 'पाणथळ' म्हणून संरक्षित असेल. नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळले आहेत. आपल्याकडचं कोणतं पाणी मानवनिर्मित नाही? गोरेवाडा पिण्यासाठी बांधला, अंबाझरी आणि फुटाळा भोसल्यांच्या काळातले, आणि पूर्वेकडे गेलात की हजारो मालगुजारी तलाव. फुटाळ्याच्या कारंजाचं प्रकरण ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपलं तेव्हा न्यायालयानं हेच म्हटलं, की फुटाळा मानवनिर्मित असल्यानं त्या नियमांच्या व्याख्येत बसत नाही. मात्र त्याच निकालात असंही म्हटलं की शासन हे जनतेचं विश्वस्त आहे हे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू पडतं. पहिलं वाक्य ठेकेदार वाचून दाखवतील, दुसरं तुम्ही वाचून दाखवा.

पण न्यायालयात जाण्याआधी अंदाजपत्रक मागा. सौंदर्यीकरण या शब्दाला काही अर्थ नसतो, अर्थ असतो तो अंदाजपत्रकातल्या बाबींना. गाळ काढणे, दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर), पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, हायमास्ट दिवे, बोटिंगचा धक्का. यातली प्रत्येक बाब एकेका जिवाचं घर मोडते. तलावात जीव असतो तो उथळ बाजूला, पाणी येतं त्या अंगाला. तिथेच देवधान (रानभात), तिथेच बेडूक, तिथेच हळदी-कुंकू बदकं आणि थंडीतले पाहुणे. गाळ काढणारा पोकलेन मात्र नेमका तिथूनच सुरू करतो, कारण तिथे मशीन उतरवणं सोपं. तुमची मागणी 'काम बंद करा' अशी ठेवू नका. असं लिहून द्या: गाळ पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, बाजूचा काढावा, उथळ तिसरा हिस्सा तसाच ठेवावा, पिचिंग फक्त लाट आदळते तिथे, ट्रॅक एकाच काठाला, दिवे खाली वाकलेले आणि रात्री बंद होणारे, आणि बेशरमची झुडपं मुळासकट काढण्याची एक नवी बाब. हे बहुधा मान्य होतं, कारण अभियंत्याचा खर्च वाढत नाही. काम सुरू झाल्यावर हेच मागितलंत तर 'वर्कऑर्डर झाली' हे एकच उत्तर.

पाळीवरच्या झाडांसाठी मात्र भांडू नका. मातीच्या पाळीवर मोठी झाडं वाढली की मुळांच्या वाटेनं पाणी झिरपतं, हे अभियंते खरं सांगतात. निसर्गप्रेमींनी प्रत्येक कुऱ्हाडीला विरोध केला की खऱ्या वेळी कोणी ऐकत नाही.

हीच गोष्ट शहरात नाग नदीची. दर उन्हाळ्यात महापालिका नदी स्वच्छता अभियान राबवते. जेसीबी उतरतात, गाळ-कचरा निघतो आणि त्यासोबत काठाचं गवत, कपारी, सगळं तासून निघतं. नेमके तेच महिने टिटवीच्या घरट्यांचे, आणि खंड्या नि वेडा राघू काठाच्या मातीत बिळं करतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि वस्त्या बुडाल्या, तेव्हापासून पुराची भाषा सगळ्या कार्यालयांना कळते. म्हणून मी आता पक्ष्यांसाठी काठ मागत नाही, पाणी मुरायला काठ मागतो. पक्षी आपोआप येतात.

तुमच्या बिबटाबद्दल एवढंच: गोरेवाड्याकडून कळमेश्वर-कोंढाळीकडे जनावरं ये-जा करत असणार, तुमची टेकडी त्यांच्या वाटेवर असेल तर नवल नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात तर बिबट शहरात आयटी पार्कपर्यंत येऊन गेला होता. बिबट वनखात्याचा, पण बिबटाला गावात आणणारा कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री-डुकरं ग्रामपंचायतीची. कोंबड्यांच्या दुकानाची घाण टेकडीमागे टाकणं आधी बंद करा. शिवारातल्या बिनकठड्याच्या विहिरींची यादी करून वनखात्याला आणि पंचायत समितीला द्या, कठडे बांधायला पैसे निघतात. मार्चमध्ये मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग टेकडी चढते. समितीनं मोहवाल्या घरांना जाळ्या घेऊन दिल्या की तो प्रश्न बराचसा मिटतो. यात अधिसूचना वगैरे काही लागत नाही.

पैशाचं विचारलंत. समितीला स्थानिक जैवविविधता निधी ठेवता येतो आणि व्यापारासाठी जैविक संसाधन गोळा करणाऱ्याकडून शुल्कही घेता येतं, पण तुमच्या गावात त्यातून फार निघणार नाही. वित्त आयोगाच्या निधीतून किंवा रोजगार हमीतून जलसंधारणाच्या नावाखाली जमेल तेवढं बसवा. 'माझी वसुंधरा' अभियानात २०२० पासून गावांना गुण मिळतात. बीडीओला निसर्गाची आवड असो-नसो, गुणांची असते. तुमची अद्ययावत नोंदवही त्या गुणांत कशी बसते ते दाखवा.

महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या वाचकांसाठी एक भर. तिथे वृक्ष प्राधिकरण आहे आणि १९७५ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. म्हणून अर्जात झाडाचं वय किती दाखवलंय हे आधी तपासा, ठेकेदार शंभर वर्षांचा वड सहज तिशीत आणतात. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर बराच काळ प्रशासकाचा कारभार होता, नगरसेवकच नव्हते. त्या काळातली हरकतींची सुनावणी कशी झाली याची माहिती माहितीच्या अधिकारात मागितलीत तर बरंच काही हाती लागेल.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: शंखांची बातमी पेपरात द्यावी का? आत्ता नको. सातबारा, नोंदवहीतली भर आणि ग्रामसभेचा ठराव हे तीन कागद हातात येईपर्यंत जागेचं नाव आणि लोकेशन कुठेही टाकू नका, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. बातमी आली की हातोडी घेऊन हौशी मंडळी येतात, आणि कागद होण्याआधी जागा साफ करून टाकायची घाई मुरूमवाल्यांनाही होते. सातबारा आणि झोन दाखला निघाला की मला पाठवा, त्यावरून कलम ३७ ची कोणती वाट धरायची, जैवविविधतेची की नगररचनेची, ते ठरवू.